पेटीमागचा हुंकार

१

वडीगोद्रीच्या कारभारीला दुपारी तीन वाजता कोणी हाक मारलेली खपत नसे. मग तो जावई असो, नाहीतर मतं मागायला आलेला पुढारी. तीन ते चार त्याचं वाचन. जन्मभर त्याने कालव्यावर पाटकरी म्हणून नोकरी केली होती. पाटाला पाणी सोडायचं आणि दार बंद करायची वेळ होईस्तोवर बाभळीखाली पुस्तक उघडून बसायचं. नोकरी सुटली, बाभूळ सुटली, पण तीन वाजता पुस्तक हातात नसलं की त्याचं डोकं फिरायचं.

पुस्तकं सात. सातच. त्याच्या पोराने, अंगदने, एकदा जालन्याहून हौसेनं आठवं आणलं. कारभारीने दोन पानं वाचली आणि ते सुनेला, मोनिकाला, देऊन टाकलं. "नवं कशाला? हीच मला अजून बराबर कळली न्हाईत." महिन्याला एक, सात संपली की पुन्हा पहिलं, असा त्याचा फेरा. नावं घेऊन तो कधी बोलायचा नाही. एक फौजदाराचं, एक वाळवी लागलेलं, एक मामाने दिलेलं, आणि सगळ्यांत जीव की प्राण ते धरणाचं. अंबडच्या बाजारात रद्दीवाल्याकडे ते त्याला सापडलं होतं, तेव्हाच त्याचं कव्हर नव्हतं आणि पहिली अकरा पानंही नव्हती. बाराव्या पानापासून सुरू होणारं ते पुस्तक कोणी लिहिलं आणि त्याचं नाव काय, हे कारभारीला आजतागायत माहीत नाही. गाव धरणात चाललंय आणि एक म्हातारी उठायला तयार नाही, एवढीच त्यातली गोष्ट. शेवटच्या अध्यायात पाणी म्हातारीच्या उंबऱ्याला लागायचं आणि कारभारी चष्मा काढून डोळे पुसायचा. तो कापसाच्या धुळीला शिव्या द्यायचा.

वाचायचं ते मोठ्यानं. मनातल्या मनात वाचणं त्याला कधी जमलंच नाही. आणि वाचताना कोणीतरी हूं म्हणायला लागायचं. ही खोड बापाकडून आलेली. बाप मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचा. मुक्कामी गोष्ट सांगायचा तेव्हा ऐकणाऱ्याने प्रत्येक वाक्याला हूं म्हणायचं, म्हणजे राखणीचा माणूस जागा आहे हे कळायचं. हूं थांबलं की बाप गप्प. आणि त्याचा एक कायदा होता. एकदा हूं पडलं की गोष्ट पुढं गेली, ती मागं फिरवायची नाही. राजा मेला म्हटलं आणि हूं पडलं की राजा मेला. मग पोरं रडली तरी बाप त्याला उठवायचा नाही.

कारभारीची हूं म्हणणारी म्हणजे त्याची बायको, कडूबाई. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, तिला अक्षर येत नव्हतं आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. मधल्या खोलीत भिंतीला डोकं टेकून, सुपात तूर घेऊन ती बसायची आणि दुसऱ्या पानाला पेंगायची.

"सांग बरं, म्हातारी कुठं बसली?" कारभारी खेकसायचा.

"कुठं बसती? घरात बसली आसंल."

"झाडाखाली! झाडाखाली बसली म्हणून आत्ता वाचलं न्हाई का!"

"मंग बसू द्या की. ऊन तरी लागत न्हाई."

असल्या बाईपुढं वाचायचं म्हणजे कपाळावर हात मारून घ्यायची वेळ. पण काहीही म्हणा, हूं मात्र तिचं चुकत नव्हतं. झोपेतसुद्धा वेळच्या वेळी यायचं.

२

धरणाचं पुस्तक चालू असलेल्या महिन्यातली गोष्ट. कारभारीने दोन पानं वाचली, वाक्यावाक्याला हूं झालं. तिसरं पान अर्धं झालं असेल, तेवढ्यात मागच्या दाराने कडूबाई आत आली. हातात अर्धवट वाळलेल्या मिरच्यांची पाटी होती.

"तू कुठून आली?"

"आंगणातून. तीन दिवसांपासून वाळवून राह्यले, दिसत न्हाई का?"

"आन् आत्ता हूं कोण म्हणत व्हतं?"

"मला काय इचारता? तुम्हीच."

कारभारीचं टाळकं सरकलं. "मी कशाला माझ्याच वाचण्याला हूं म्हणीन? याड लागलं का मला?"

कडूबाईने पाटी खाली ठेवली आणि पदराने तोंड पुसलं. "मी तर कवाच सोडलं हूं म्हणायचं. दिवाळीच्या आधीपासून. एक दिवस झोप लागली, हूं म्हणायचं राह्यलं, तर तुम्ही बिलकुल थांबले न्हाई. वाचतच गेले. कोण तरी हूं म्हणत व्हतं. मला वाटलं, म्हाताऱ्यानं स्वतःच सुरू केलं, बरं झालं, माझी सुटका झाली."

दिवाळीच्या आधीपासून! म्हणजे सहा-सात महिने. कारभारीने तिला दोन शिव्या हासडल्या. त्या तिला नव्हत्या, पण समोर तीच होती. मग त्याने घरातल्या वस्तू मोजायला सुरुवात केली. फ्रीज होता, तो गुरगुरायचा. शेजारी तुळजाबाईची पिठाची गिरणी होती. पत्र्यावर पारवे घुमायचे. या तिघांपैकी एकाचं काम असणार, दुसरं काय?

दुसऱ्या दिवशी लाइट नव्हती, म्हणजे फ्रीजही बंद आणि गिरणीही बंद. पारव्यांना त्याने आधीच दगड मारून उडवलं. मग वाचायला बसला. पहिलं वाक्य संपलं.

"हूं."

आवाज बारीक होता, पण अगदी वेळेवर आला. खोलीच्या डाव्या कोपऱ्यातून, जिथं लोखंडी पेटी होती.

३

पेटीवर सात पुस्तकं, खताच्या पांढऱ्या गोणीत गुंडाळलेली. त्यांच्या शेजारी गोधड्यांची चळत. कारभारीने गोधड्या उचलल्या, झटकल्या, आत उंदीर नव्हता. पेटी उघडली तर तिच्यात लग्नातली पितळी भांडी. मग मोनिकाला हाक मारून त्याने पेटी पुढं ओढली.

"मामा, काय हरवलं?" मोनिकाने विचारलं.

"काही न्हाई हरवलं. तू फक्त ओढ."

मागं आधीपासूनच वीतभर फट होती, त्यात जळमटं आणि एक मोडका कंगवा. आणि भिंतीवर एक डाग. कडूबाई जिथं बसायची तिथल्या भिंतीवर असाच डाग होता. रोज डोकं टेकून टेकून तेल मुरलेला, गोल, काळपट. पेटीमागचा डाग तसाच, फक्त जरा खाली. मोनिकाने बोट लावलं आणि बोट साडीला पुसलं. ते तेलकट होतं.

"आत्या आधी इथं बसत असतील," ती म्हणाली.

"बसत असंल," कारभारी म्हणाला. पण दिवाळीत अंगदने अख्ख्या घराला रंग दिला होता आणि तेव्हापासून पेटी इथून हललेली नव्हती. वीतभर फटीत माणूस बसत नाही. मांजरही धड बसत नाही. कारभारीने पेटी ढकलून भिंतीला चिकटवली आणि मोनिकावर उगाच ओरडला, की घरात जळमटं किती झालीत.

तीन दिवस त्याने वाचलं नाही. तीन वाजले की तो हायवेवरच्या हॉटेलात जाऊन बसायचा आणि लोकांची तीच ती बडबड ऐकून वैतागून परत यायचा. मनातल्या मनात वाचायचा प्रयत्न केला तर ओळी एकमेकींवर चढायच्या. चौथ्या दिवशी तो पुन्हा मधल्या खोलीत बसला.

आणि खरं सांगायचं तर, त्याला भीतीपेक्षा बरंच वाटलं. कबूल करायला लाज वाटेल, पण वाटलं. अठ्ठेचाळीस वर्षं पेंगणारी बायको ऐकायला होती. आता कोणीतरी नीट ऐकत होतं. म्हातारी झाडाखाली बसली की हूं जरा हळू यायचं. धरणाचा साहेब गावात शिरला की जल्दी यायचं. कारभारी वाचताना आवाज बदलायला लागला, थांबायच्या जागी थांबायला लागला. समोर कडूबाई घोरत असायची आणि तो पेटीकडे तोंड करून वाचायचा.

ते कोण होतं, हे त्याने विचारणंच सोडून दिलं. त्याला वाटलं, आपल्याला काय करायचंय? ऐकतंय ना!

४

धरणाच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय आला त्याच दिवशी कडूबाई राजूरच्या गणपतीला निघाली. दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. तुळजाबाईने जीप ठरवलेली. रात्री तिथं पोचायचं, रांग धरायची, पहाटे दर्शन घेऊन दुपारपर्यंत परत यायचं.

"आज शेवटचा अध्याय हाये, आन् तू चालली?" कारभारी पुस्तक उघडून, ओळीवर बोट ठेवून बसला होता.

"तो अध्याय कुठं पळून चालला? दर खेपेला म्हातारी तिथंच बसती आन् पाणी तिथंच येतं."

"अर्धा तास थांब म्हणतो मी."

"जीप थांबत न्हाई. आन् तुम्हाला काय माझी गरज, तुमचं तुम्ही हूं म्हणता की." तिने पिशवी काखेत मारली, चप्पल शोधली. गोळ्या घेतल्या का ते पिशवीत हात घालून पाहिलं. त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

कारभारीला असा संताप आला की विचारू नका. "जाय! इथं बसून तरी काय दिवे लावती? ऐकताना नुसती झोप. एवढी गोड लागती ना झोप, मंग एकदाची कायमची झोप, म्हणजे माझी कटकट मिटली!"

आता असलं बोलणं त्या घरात काय नवीन होतं? दिवसातून दहा वेळा दोघं तोंडाने एकमेकांना मारायचे आणि दहा वेळा चहा प्यायचे. कडूबाईने मागं वळून "बरं, बरं" केलं आणि ती उंबऱ्याबाहेर पडली.

"हूं," पेटीमागून आलं.

आज ते जरा आधीच आलं होतं. घाई झाल्यासारखं.

५

कारभारी ओळीवर बोट तसंच ठेवून बसला. बाहेर जीपचा हॉर्न वाजला, दार आपटल्याचा आवाज झाला, गाडी गेली.

"ते पुस्तकातलं नव्हतं," तो पेटीला म्हणाला.

काही नाही.

"ते मी रागानं बोललो. ते धरायचं न्हाई."

काही नाही. त्याने पुस्तकातली ओळ वाचली, "म्हातारीने चुलीत लाकूड सारलं."

"हूं."

"मंग कडूबाई उठली आन् कामाला लागली."

खोली गप्प. त्याने तेच वाक्य तीनदा म्हटलं. गोड आवाजात म्हटलं, दरडावून म्हटलं. मग त्याने युक्ती केली. अध्याय वाचता वाचता, आवाज जराही न बदलता, मध्येच घातलं, "म्हातारीने दिवा लावला. कडूबाई राजूरहून नीट घरी आली आणि खूप वर्षं जगली. पाणी आता पांदीच्या वाटेपर्यंत आलं होतं."

दिव्याला हूं आलं. पाण्याला हूं आलं. मधल्या वाक्याला आलं नाही.

त्याने पुस्तक मिटलं. हा सगळा मूर्खपणा आहे, त्याने स्वतःला बजावलं. सत्तरीचा माणूस, पाटकरी म्हणून चाळीस वर्षं सरकारी नोकरी, आणि पेटीशी बोलतोय! बापाचा कायदा मेंढरांच्या मुक्कामाचा, तो पत्र्याच्या घरात कुठला लागू? पण संध्याकाळी त्याने अंगदकडून तुळजाबाईचा फोन लावून घेतलाच.

"कडूला झोपू देऊ नका," तो म्हणाला.

"झोपायला जागा कुठंय भाऊ? लेकरं, म्हातारे, सगळे रांगेत. रातभर उभंच राहावं लागतंय."

"राहा, राहा. उभंच राहा," कारभारी म्हणाला. देवाच्या दारातल्या गर्दीवर तो आयुष्यात पहिल्यांदा खूश झाला.

६

दुसऱ्या दिवशी दोन वाजता कडूबाई आली. पाय सुजलेले, डोळे लाल. मोनिकाच्या हातात तिने पेढ्याचा पुडा दिला आणि मधल्या खोलीत आपल्या जागी भिंतीला टेकली.

"मी जरा पडते."

"पडते काय? आधी चहा ठेव," कारभारी म्हणाला.

"मी ठेवते ना मामा," मोनिका मध्ये बोलली.

"हिच्याच हातचा पाहिजे मला!"

कडूबाईने चहा केला. मग त्याचा चष्मा हरवला, तो तिने शोधला. तो त्याच्या खिशात निघाला. मग त्याची पाठ दुखायला लागली, मग अंगदने सोयाबीन कोणत्या व्यापाऱ्याला घातलं यावरून त्याने भांडण काढलं. एरवी तिने त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. आज ती वाक्याच्या मध्येच डोळे मिटायची आणि तो मांडीवर थाप मारून तिला उठवायचा.

"आत्याला पडू द्या की मामा! रातभर उभ्या व्हत्या," मोनिका चिडून म्हणाली आणि चूल बघायला निघून गेली.

"काय मांडलंय तुम्ही?" कडूबाई वैतागली. "कामून छळून राह्यले मला?"

आता काय सांगायचं होतं तिला? कारभारी तिच्या पुढ्यात उकिडवा बसला. "अगं, काल तू जाताना मी तुला वंगाळ बोललो."

"कवा न्हाई बोलले?"

"तसं न्हाई. मला भ्या वाटून राह्यलं. तू झोपू नको. आजचा दिवस झोपू नको, बस्स."

अठ्ठेचाळीस वर्षांत त्याने भ्या वाटतं असं कधी म्हटलं नव्हतं. कडूबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात गरम होता, चांगला गरम.

"तीन वाजले," ती म्हणाली. "तुमचा तो अध्याय राह्यला ना? वाचा. मी बराबर हूं म्हणते. माझं हूं येतंय तवर मी जागी, मंग तर झालं?"

कारभारीला कळत होतं, की जगात या बाईला झोप आणणारी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे त्याचं वाचन. पण तिचं हूं येत राहिलं तर ती जागी आहे हे तरी कळेल. हूं असतं कशासाठी मग? त्याने गोणी सोडली आणि धरणाचं पुस्तक काढलं.

७

त्याने अध्यायाची पहिली ओळ वाचली.

"हूं," पेटीमागून आलं.

"हूं," कडूबाईने म्हटलं. तिचं हूं नाकातून यायचं आणि जरा उशिरा यायचं. कारभारीला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. पेटीमागचं हूं तिला ऐकू गेलं की नाही, तिने काही दाखवलं नाही.

तो वाचत गेला. प्रत्येक वाक्याला दोन. आधी पेटीमागचं, बारीक, वेळेवर. मग कडूबाईचं. सुरुवातीला तो दर ओळीला मान वर करून पाहायचा. ती डोळे मिटून, भिंतीला डोकं टेकून, पण हूं म्हणत होती. पांदीत पाणी आलं. माणसं बैलगाड्या भरून निघाली. म्हातारीच्या पोराने तिला हाताला धरून ओढलं, म्हातारी हलली नाही. त्याला दर वेळी वाटायचं तसंच आताही वाटलं, की या खेपेला तरी ही बाई उठेल. शेवटच्या पानावर अक्षरं धूसर झाली. त्याने पुस्तक डोळ्यांजवळ धरलं.

पाणी उंबऱ्याला लागलं.

"हूं."

त्याने थांबून दुसऱ्याची वाट पाहिली. मग पुढची ओळ वाचली.

"हूं."

एकच आलं. त्याला वाटलं, दोन्ही एकदम आली असतील. इतक्या वर्षांनी कडूबाईला वेळेवर हूं म्हणायला जमलं असेल. त्याने कान दिला, पण आवाज नाकातून आला की नाही हे त्याला सांगता येईना. मान वर करायची तर एक क्षणाचं काम होतं. त्याने मान वर केली नाही.

"चहा," मोनिका दारातून म्हणाली. पुस्तकाच्या खालच्या कडेपलीकडे त्याला तिची पावलं दिसली, लाल नेलपॉलिश लावलेली. "अगंबाई, आत्या झोपल्या का?"

"न्हाई," कारभारी म्हणाला. "ऐकून राह्यली ती." आणि त्याने शेवटची ओळ मोठ्यानं वाचली.

"हूं."

पावलं कडूबाईकडे होती. ती हळूहळू वळली आणि पेटीकडे झाली. कपबशी वाजली. चहा फरशीवर सांडला आणि वाहत त्याच्या अंगठ्याला लागला, गरम.

"मामा," मोनिका म्हणाली. तिचा आवाज तिचा राहिला नव्हता. "मामा, आत्याकडं बघा ना."

"गप. तिला ऐकू दे."

अध्याय संपला होता. पुस्तकही संपलं होतं. कारभारीने नजर न उचलता सगळी पानं उलटी फिरवली, बारावं पान काढलं आणि पहिल्यापासून वाचायला लागला.